इंजिनिअर म्हणविण्यास परवाना हवा काय?

(ट्रस्टचे एक शिक्षक-सभासद, बी.एस्सी., बी.एड.)

गेल्या वर्षी ट्रस्टच्या वार्षिक सभेत विद्यार्थी वसतिगृहावर आणखी एक मजला चढविण्याचा ठराव आला, तो प्रसंग पुष्कळ सभासदांच्या स्मरणात असेल. सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त देणग्या बऱ्या जमल्या होत्या. गावोगावच्या मुलांचे अर्ज जागेअभावी परत करावे लागत होते, आणि काम लवकर मार्गी लागावे अशी सर्वांचीच इच्छा होती. अंदाजपत्रकात ‘स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी’ म्हणून एक रक्कम दाखविली होती. तिच्यावर बोट ठेवून एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “आपला कॉन्ट्रॅक्टर स्वतःच इंजिनिअर आहे. त्याच्या पाटीवर तसे लिहिलेलेच आहे. मग हा दुसरा इंजिनिअर कशाला?” त्यावर दुसरे गृहस्थ म्हणाले, “पाटीवर लिहिल्याने कोणी इंजिनिअर होतो काय? त्याला सरकारचा परवाना लागतो.” तिसऱ्यांचे म्हणणे असे पडले की, “माझा पुतण्या बी.ई. आहे, बंगळुरास संगणकाच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून नोकरी करतो. त्याने आजवर कोणताच परवाना काढलेला नाही. मग तो इंजिनिअर नव्हे की काय?” तासभर चर्चा झाली, चहा निवून गेला, आणि ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला.

सभा संपल्यावर सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही विज्ञान शिकवता. या तिघांपैकी खरे कोणाचे, ते स्मरणिकेत लिहून द्या.” मी इंजिनिअर नव्हे. पण ज्या वसतिगृहाचा हा प्रश्न आहे त्याच वसतिगृहात राहून आणि याच ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर मी पदवीधर झालो. त्या छपराखाली पुढे जी मुले निजणार आहेत त्यांच्याशी माझे काही नाते आहे. म्हणून हा विषय मी जमेल तितका समजून घेतला, आणि तो येथे सोप्या शब्दांत मांडीत आहे.

अब्बांचे सर्टिफिकेट

आरंभ घरापासून करतो. माझे अब्बा बडोद्यातील एका कापडगिरणीत बॉयलरवर कामाला होते. गिरणी केव्हाच बंद पडली. अब्बांचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. पण आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत, जेथे इतरांकडे थोरामोठ्यांच्या तसबिरी असतात, तेथे काचेच्या चौकटीत एक सरकारी कागद टांगलेला असे. तो होता त्यांचा बॉयलर अटेंडंटचा दाखला. परीक्षकांपुढे उभे राहून, तोंडी प्रश्नांची उत्तरे देऊन त्यांनी तो मिळविला होता. पाण्याच्या काचेत पाणी दिसेनासे झाले तर प्रथम काय करावे, सेफ्टी व्हॉल्व्ह अडकल्याची खूण कोणती, तापलेल्या बॉयलरमध्ये एकदम थंड पाणी का सोडू नये, हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे मी लहानपणी त्यांच्याच तोंडून पाढ्यांसारखी ऐकली आहेत.

त्या दाखल्यावाचून कोणालाही बॉयलरचा ताबा घेता येत नसे. एकदा ईदच्या सकाळी अब्बांची रात्रपाळी संपली होती, पण पुढच्या पाळीचा दाखलेवाला माणूस आला नव्हता. घरी आम्ही नवे कपडे घालून वाट पाहत बसलो. अब्बा आले ते नमाज होऊन गेल्यावर. आई थोडी रागावली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “ताबा माझ्या नावावर होता.”

आता गंमत अशी की, त्याच गिरणीत एक पदवीधर इंजिनिअरसाहेब होते. त्यांना स्वतंत्र खोली होती, पगारही अब्बांच्या कित्येक पट होता. सारे त्यांना ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणत आणि ते त्यास सर्वथा पात्रही होते. परंतु इंजिनिअर म्हणविण्यासाठी त्यांच्याजवळ कोणताही सरकारी परवाना नव्हता, कारण तसा परवाना असतच नाही. इंजिनिअराला परवाना नाही आणि चौथी शिकलेल्या बॉयलरवाल्याला मात्र आहे, हे कोडे मला पुष्कळ वर्षे उलगडले नव्हते.

ते उलगडते इतिहासात. १८६३ साली कलकत्त्यास एका बॉयलरचा भीषण स्फोट होऊन माणसे दगावली. लगेच १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. पुढे १९२३ साली साऱ्या देशासाठी बॉयलरचा कायदा आला. त्याखालील नियमांनी बॉयलरपुढे उभा राहणारा माणूस परीक्षा उतरलेला असला पाहिजे असे ठरविले. (२०२५ साली त्या जुन्या कायद्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली.) म्हणजे कायद्याने येथे माणसाचे नाव वा हुद्दा पाहिला नाही. त्याने एवढेच विचारले की, हे यंत्र फुटले तर कोणाचा जीव जाईल, आणि ते फुटू नये ही जबाबदारी कोणाच्या शिरावर आहे? ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचा सारा विषय सोपा होतो.

आपल्या देशातील स्थिती

कित्येक व्यवसायांची नावे आपल्याकडे कायद्याने बांधलेली आहेत. चार्टर्ड अकाउंटंटांचा कायदा १९४९ सालचा, वकिलांचा १९६१ सालचा. डॉक्टरांसाठी १९५६ चा कायदा होता, त्याच्या जागी २०१९ साली नवा आला. औषधांच्या दुकानात औषध देणाऱ्या फार्मासिस्टाचीही नोंदणी लागते. इंजिनिअरांसाठी मात्र असा सर्व देशास व सर्व शाखांस लागू पडणारा कायदा झालेला नाही. त्याचे मसुदे वेळोवेळी तयार झाले, २०२५ सालीही एक मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध करण्यात आला. पण मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

तेव्हा आपल्या तिसऱ्या सभासदांचा पुतण्या निःशंकपणे इंजिनिअर आहे. त्याने मान्य विद्यापीठाची पदवी घेतली, तो ते काम करतो आणि त्या नावाने ओळखला जातो. यात बेकायदेशीर काही नाही. खोटी पदवी सांगून फसवणूक करणे हा गुन्हा आहेच, पण तो फसवणुकीचा गुन्हा.

पदवी आणि परवाना यांचा घोटाळा होण्यास एक जुने कारणही असावे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे विद्यार्थी. १८८३ साली ते मुंबई विद्यापीठाच्या एल.सी.ई. परीक्षेत पहिले आले. त्यातील ‘एल’ म्हणजे ‘लायसेन्शिएट’. शब्दात ‘लायसेन्स’ दिसत असला तरी ती होती विद्यापीठाची पदवीच, आणि पुढे तिच्या जागी बी.ई. आली. १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा निजाम सरकारने सल्ल्यासाठी याच विश्वेश्वरय्यांना बोलाविले. तेथील उस्मानसागर तलावाच्या आणि नंतर निजामसागर धरणाच्या कामाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते नवाब अली नवाज जंग बहादूर हे इंग्लंडमधील कूपर्स हिल कॉलेजात शिकलेले होते. परवान्याची पद्धत तेव्हा आपल्याकडे नव्हती. या माणसांची ओळख त्यांच्या विद्येने आणि कामाने पटत असे.

पुढे १९२० साली ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)’ ही संस्था स्थापन झाली आणि १९३५ साली तिला राजसनद मिळाली. ही संस्था पात्र सभासदांना ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हा मान देते. तो मान मोलाचा आहे, पण तो नसलेला माणूस इंजिनिअर नव्हे असा त्याचा अर्थ होत नाही.

आर्किटेक्टांची गोष्ट याहून निराळी आणि मनोरंजक आहे. १९७२ च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ हे नाव नोंदणी झालेल्यांपुरते राखून ठेवले. परंतु २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तो कायदा नाव राखतो, काम राखीत नाही. नोंदणी नसलेल्याने ‘आर्किटेक्ट’ म्हणवू नये, मात्र त्या स्वरूपाचे काम करण्यास तेवढ्याने बंदी होत नाही. नाव आणि काम या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे यावरून कळेल.

तथापि आपल्याकडे कोणत्याच इंजिनिअराला परवाना लागत नाही असेही नाही. कोकणातील आमचे कित्येक नातलग बोटीवर इंजिनिअर आहेत. सरकारी परीक्षा देऊन त्या त्या वर्गाचे सक्षमतेचे प्रमाणपत्र मिळविल्यावाचून त्यांना ते पद सांभाळता येत नाही. विमानाची देखभाल करणारा इंजिनिअर परवानाधारक असावा लागतो, आणि त्याच्या सहीवाचून दुरुस्त झालेले विमान उडत नाही. घरात वायरिंग करणाऱ्यालाही वायरमनचे परमिट लागते. आणि इमारतीच्या बाबतीत महानगरपालिका वा विकास प्राधिकरण आपल्या दप्तरी नोंदविलेल्या इंजिनिअराचीच सही नकाशांवर स्वीकारते. बोट, विमान, वीज, बॉयलर, इमारत ही यादी पाहिली म्हणजे सूत्र आपोआप ध्यानात येते. जेथे चूक एकाची आणि मरण दुसऱ्याचे, तेथे परवाना आला.

परवान्याची जन्मकथा

इंजिनिअरांना परवाना देण्याची पद्धत अमेरिकेत प्रथम सुरू झाली ती १९०७ साली, वायोमिंग या राज्यात. तो कोरडा मुलूख. नदीच्या पाण्यावर हक्क मिळविण्यासाठी अर्जासोबत पाटाचे नकाशे द्यावे लागत. वकील, नोटरी, ज्याला वाटेल तो खाली ‘इंजिनिअर’ म्हणून सही ठोकून देई. नकाशे चुकीचे निघत आणि शेतकऱ्यांत तंटे होत. तेव्हा राज्याने ठरविले की, अशा कागदावर सही करायची तर नोंदणी हवी. पहिला परवाना जन्मास आला तोही सहीच्याच प्रश्नातून.

दुसरे उदाहरण सांगताना शिक्षक म्हणून माझा हात जड होतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाच्या गावी तेलाच्या पैशावर उभी राहिलेली एक भव्य शाळा होती. इमारत उबदार ठेवण्यासाठी आर्किटेक्टने बॉयलर आणि वाफेची योजना सुचविली होती. शाळेच्या मंडळाने ती बाजूला सारून खोल्याखोल्यांतून गॅसच्या बहात्तर शेगड्या बसविल्या. पुढे खर्च वाचावा म्हणून नेहमीचा गॅसपुरवठा बंद केला आणि जवळून जाणाऱ्या तेलकंपनीच्या नळाला जोड देऊन तेथला टाकाऊ गॅस घेतला. त्या गॅसला वास नव्हता. तो गळून इमारतीखालच्या बंदिस्त पोकळीत साठत राहिला. मुलांची डोकी दुखत, पण कारण कोणाच्या ध्यानी आले नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी तीनच्या सुमारास हस्तव्यवसायाच्या शिक्षकाने लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले. ठिणगी पडली आणि शाळा उडाली. विद्यार्थी व शिक्षक मिळून सुमारे तीनशे जीव गेले. वाचले होते महिन्याकाठी काही शे डॉलर.

त्याच वर्षी टेक्सासने दोन कायदे केले. गॅसला मुद्दाम उग्र वास मिसळावा, हा एक. आज आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडर गळू लागला तर जो वास येतो तो गॅसचा स्वतःचा नव्हे. तो इशाऱ्यासाठी मिसळलेला असतो आणि त्याच्यामागे असे अपघात आहेत. दुसरा कायदा इंजिनिअरांच्या नोंदणीचा. लोकांच्या जिवाशी संबंध येणारी योजना नोंदणी झालेल्या इंजिनिअरानेच करावी, असे त्याने ठरविले.

नावाचा सोवळेपणा

येथपर्यंत वाचून दुसऱ्या सभासदांस वाटेल की आपलेच म्हणणे खरे. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्यात एका गृहस्थांच्या पत्नीस चौकातील दिव्याचा नियम मोडल्याबद्दल दंड झाला. ते स्वतः स्वीडनमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकलेले. त्यांनी गणित मांडले आणि पिवळ्या दिव्याचा अवधी वळणाऱ्या गाडीस अपुरा पडतो असे दाखविले. हे त्यांनी इंजिनिअरांच्या सरकारी मंडळास पत्राने कळविले व पत्रात स्वतःस ‘इंजिनिअर’ म्हटले. मंडळाने गणित तपासले नाही. परवाना नसताना इंजिनिअर म्हणविता, म्हणून २०१७ साली त्यांनाच पाचशे डॉलर दंड केला! प्रकरण न्यायालयात गेले. २०१८ च्या अखेरीस निकाल लागला की, त्यांना स्वतःस इंजिनिअर म्हणण्याचा अधिकार आहे. पुढे २०२० साली तेथील वाहतूक इंजिनिअरांच्या संस्थेने पिवळ्या दिव्याच्या अवधीचे सूत्र त्यांच्या मताला धरून सुधारले. परवाना नसलेला माणूस बरोबर होता आणि परवान्याचे रक्षक केवळ शब्द राखीत बसले होते.

ब्रिटनने मधला मार्ग धरला आहे. तेथे ‘इंजिनिअर’ हा शब्द कोणीही वापरू शकतो, राखीव आहे ते ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हे बिरुद. कॅनडात उलट प्रांतोप्रांतीच्या कायद्यांनी हे नाव कडक राखलेले आहे. परंतु संगणकाच्या क्षेत्रात ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ म्हणणाऱ्यांवरून वाद होऊन २०२३ साली अल्बर्टा प्रांतास आपला नियम सैल करावा लागला.

आपल्या बडोद्याचा विचार केला तर नावाचा सोवळेपणा आपल्याला कधीच परवडला नसता. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापिले आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिले. तेथे देशी भाषेतून यंत्रकाम, रंगकाम, चित्रकला असे विषय शिकविले जात. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी. ज्यांस इंग्रजी येत नव्हते अशा किती कारागिरांच्या हाती त्या संस्थेने विद्या दिली असेल! हेच कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विभागात सामावले. अशा माणसास कोणी आदराने इंजिनिअर म्हटले तर त्यात बिघडले काय? विद्या आणि नाव यांवर पहारा बसवू नये, पहारा बसवावा तो जोखमीवर.

गुजरातने शिकलेला धडा

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी मी कॉलेजच्या मैदानावर झेंडावंदनास उभा होतो. पावणेनऊच्या सुमारास पायांखालची जमीन हलू लागली. भूकंपाचा मध्य कच्छात, भुजजवळ होता. त्या दिवशी गुजरातमध्ये तेरा हजारांहून अधिक माणसे मेली. कच्छातील जुनी दगडमातीची घरे पडली याचे दुःख झाले, पण आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते अहमदाबादचे. मध्यबिंदूपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या त्या शहरात सिमेंट-लोखंडाच्या नव्या बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो लोक गाडले गेले, तर कित्येक जुनी घरे शेजारी उभी राहिली.

तज्ज्ञांनी दाखविलेल्या कारणांतील एक सर्वांस समजण्याजोगे आहे. मोटारी ठेवण्यासाठी तळमजला मोकळा, नुसत्या कॉलमवर, आणि वरच्या मजल्यांना मात्र विटांच्या भिंती. म्हणजे वर जड, ताठ पेटी आणि खाली काटक्यांसारखे पाय. जमीन हलली की पेटी एकसंध हलते आणि सारा मार त्या पायांवर येतो. त्यातच कॉलममधल्या उभ्या सळ्यांना बांधणाऱ्या रिंगा दूरदूर घातलेल्या असल्या, त्यांची टोके आत नीट वळविलेली नसली, तर सळ्या बाहेर फाकतात, काँक्रीट गळून पडते आणि कॉलम चिरडतो. प्लास्टर झाल्यावर या रिंगा कोणालाच दिसत नाहीत. त्या ठरविणारा आणि स्लॅब भरण्यापूर्वी मोजणारा माणूस हाच काय तो घरातल्यांचा रखवालदार.

या धड्यानंतर २००६ साली गुजरात विधानसभेने व्यावसायिक सिव्हिल इंजिनिअरांसाठी स्वतंत्र कायदा केला. २०१७ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ‘इंजिनिअर ऑन रेकॉर्ड’ आणि ‘स्ट्रक्चरल इंजिनिअर ऑन रेकॉर्ड’ अशा दप्तरी नोंदलेल्या जबाबदार व्यक्ती ठरविल्या आहेत. ‘ऑन रेकॉर्ड’ या दोन शब्दांत सारे आले. उद्या काही घडले तर उत्तर कोणी द्यायचे, हे आजच लिहून ठेवलेले असते. अब्बांच्या भाषेत, ताबा कोणाच्या नावावर आहे ते.

तरीही आपण विसरतो. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ माणसे गेली. त्या पुलाची देखभाल-दुरुस्ती घड्याळे बनविण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या एका कंपनीकडे होती, आणि दुरुस्तीनंतर भाराची चाचणी न घेताच पूल लोकांना खुला केला होता, असे चौकशीत निघाले.

सही आहे, माणूस नाही

पण परवाना असला की झाले, असे मानणेही भाबडेपणाचे होय. मी पूर्वी ज्या शाळेत होतो तेथे नव्या व्हरांड्याच्या स्लॅबला पहिल्याच पावसाळ्यात तडा गेला. कॉन्ट्रॅक्टरच्या कार्डावर ‘इंजिनिअर’ असे ठळक छापलेले. चौकशी करता नकाशावर एका नोंदणीकृत इंजिनिअराची रीतसर सही निघाली. आम्ही पत्ता काढून त्यांच्याकडे गेलो. गृहस्थ सज्जन होते, खोटे बोलले नाहीत. म्हणाले, “मास्तर, ती जागा मी पाहिलेलीच नाही. कागद आला, मी सही केली.” मुले खाली बसत होती आणि त्यांच्या डोक्यावरच्या स्लॅबची जबाबदारी काही रुपयांना भाड्याने दिली गेली होती. आम्ही व्हरांडा बंद केला, खाली टेकू लावले आणि पुढे तो स्लॅब उतरविला. कोणास इजा झाली नाही, ही अल्लाची मेहरबानी. पण मेहरबानीवर इमारती बांधायच्या नसतात.

मोठ्या नावाच्या माणसासही हे चुकत नाही. कॅनडातील क्वेबेकचा प्रचंड पूल बांधला जात होता, तेव्हा त्याचे सल्लागार होते थिओडोर कूपर, अमेरिकेतील नामांकित पूलतज्ज्ञ. ते न्यूयॉर्कमध्ये बसून काम पाहत. लोखंडी सांगाडा उभा राहत असताना ते एकदाही जागेवर गेले नाहीत. खालचे लोखंडी भाग वाकू लागल्याचे जागेवरच्या तरुण इंजिनिअरास दिसले. तो न्यूयॉर्कला धावला. कूपर यांनी भार वाढवू नका अशी तार केली, पण ती पुलावर वेळेत पोहोचली नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी पूल कोसळला आणि ७५ कामगार मेले. उणीव विद्येची थोडी, आणि जागेवर हजर नसण्याची फार मोठी.

आपल्याच जिल्ह्यात ९ जुलै २०२५ रोजी महीसागरवरील गंभीरा पुलाचा भाग कोसळला आणि सुमारे वीस जीव गेले. पूल सरकारी, त्याची देखभाल सरकारी इंजिनिअरांकडे. दुसऱ्या दिवशी चार इंजिनिअर निलंबित झाले. पदवी असून, अधिकार असून डोळे वेळेवर उघडले नाहीत तर काय होते, ते आपण पाहिले.

वसतिगृहाचा मजला

आता सभेतील तिघांस उत्तर देतो. पुतण्या इंजिनिअर आहे, त्यास परवान्याची गरज नाही. कॉन्ट्रॅक्टरनेही स्वतःस खुशाल इंजिनिअर म्हणवावे, त्यांच्या हाताला अनुभव आहे आणि आम्ही त्यांस मानतो. परंतु जुन्या पायावर नवा मजला चढविणे हे असे काम आहे की, त्याची चूक करणाऱ्याच्या डोक्यावर पडत नाही. तेथे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअराची सही हवी, आणि सहीमागे माणूसही हवा. कामाचा नफा ज्यास मिळायचा त्यानेच कामाची तपासणीही करावी हे योग्य नव्हे. फीची रक्कम म्हणूनच वेगळी दाखविली आहे.

घर बांधणाऱ्या वा वाढविणाऱ्या प्रत्येक सभासदाने पुढील चार गोष्टी विचाराव्यात. त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही.

एक: आपल्या कामाची जबाबदारी दप्तरी कोणाच्या नावावर आहे, आणि त्याची नोंदणी चालू आहे काय? हे पालिकेच्या कचेरीत विचारता येते.

दोन: त्याने जागा पाहिली काय? जुने बांधकाम असेल तर पाया आणि कॉलम तपासून, उकरून पाहिले काय?

तीन: प्रत्येक स्लॅब भरण्यापूर्वी सळ्या आणि रिंगा तपासून त्याने तारखेनिशी लिहून दिले काय? भरल्यानंतरच्या सहीस अर्थ नाही.

चार: त्याने ‘नको’ म्हटले तर ते ऐकण्याची आपली तयारी आहे काय? न्यू लंडनच्या शाळेला सल्ला मिळाला होता, मंडळाने तो ऐकला नाही. हा चौथा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायचा आहे.

ट्रस्टच्या मदतीने इंजिनिअर होत असलेल्या मुलामुलींस एक विनंती. नाव तुमचे आहे, ते अभिमानाने लावा. परंतु जो कागद वाचला नाही आणि जी जागा पाहिली नाही तिच्यावर सही करू नका, मग सांगणारा कितीही जवळचा असो. ट्रस्टने कधी आग्रह धरला तर ट्रस्टलाही ‘नाही’ म्हणा.

अब्बांचे सर्टिफिकेट आजही माझ्या घरी भिंतीवर आहे. बॉयलर भंगारात गेला, कागदाला सरकारी दृष्टीने किंमत उरली नाही. माझ्या वर्गातील मुले कधी घरी येतात, तेव्हा विचारतात, “सर, तुमचे वडील इंजिनिअर होते का?” मी सांगतो, नव्हते. त्यांच्या पाळीत बॉयलरचा ताबा त्यांच्या नावावर असे, आणि दुसरा आल्यावाचून ते जागा सोडीत नसत. आपल्या वसतिगृहाच्या नव्या मजल्यासाठी असाच माणूस शोधावा, त्यास योग्य मोबदला द्यावा, आणि पुढील सभेत तो ठराव मंजूर करावा, अशी सर्व सभासदांस नम्र विनंती आहे.